एक इंच आणि वर सूतभर

गंधालीच्या घरात अर्धी होडी होती. उरलेली अर्धी भांडुपला.

हे ऐकलं की लोक आधी हसत आणि मग विचारत, "पुढची अर्धी तुमच्याकडे की मागची?" गंधाली असल्या प्रश्नांनाही मन लावून उत्तर देणारी मुलगी. ती सांगे, की होडी पुढची-मागची नव्हे, डावी-उजवी अर्धी आहे. म्हणजे दोन सडपातळ होड्या, प्रत्येकी सोळा फूट लांब, शेजारी शेजारी, मधे सहा फूट मोकळं, आणि वरून दोन आडव्या वाशांना करकचून बांधलेल्या. पुढच्या वाशावर डोलकाठी, तिला शीड. इंग्रजीत हिला कॅटमरान म्हणतात, पण शब्द मूळचा तमिळ आहे, कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड... इथवर येईतो विचारणारा ऑफिसच्या लिफ्टमधून उतरून गेलेला असे.

गंधालीची आई, कुंदा, तिला जोडहोडी म्हणे आणि विषय दोन सेकंदांत संपवी.

होडीचं खूळ बाबांचं. नंदकिशोर भांडुपच्या एका पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते जेवता जेवता म्हणाले, "आयुष्यभर पंपांची ड्रॉइंग्ज काढली. एकाही पंपाने मला कुठे नेलं नाही."

"पंप कुठे नेतो का रे बाबा?" गंधाली म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

महिन्याभरात जेवणाच्या टेबलावर होडीचं ड्रॉइंग पसरलं. मुलुंड पूर्वेचा त्यांचा फ्लॅट तळमजल्यावरचा, मागे पत्र्याची शेड घातलेली लांबट जागा. तिथल्या कुंदाच्या कुंड्या पुढच्या दाराशी गेल्या. पण त्या शेडमध्ये एक होडी मावत होती, दोन नव्हत्या. दुसरीसाठी नंदकिशोरनी फोन केला तो धोंडूकाकांना.

धोंडूकाका त्याच कारखान्यातले पॅटर्नमेकर. लोखंडाचं ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. नंदकिशोरनी काढायचं आणि धोंडूकाकांनी ते लाकडात उभं करायचं, असं चौतीस वर्षं चाललेलं. दोघांचं सूत पहिल्याच दिवशी जमलं होतं आणि पहिल्याच दिवसापासून ते एकमेकांना टाकून बोलत होते. धोंडूकाका मूळचे देवगडकडचे. वडील परळच्या गिरणीत लागले म्हणून मुंबईला आले. भांडुपला खाली वर्कशॉप आणि वर घर.

"होडी? तू?" फोनवर धोंडूकाका इतक्या मोठ्याने हसले, की स्पीकर लावायची गरज पडली नाही. "नंद्या, मुलुंडच्या तलावात तरी पाय घातलायस का कधी?"

"उजवी मी करतो, डावी तू कर."

"डावीच का मला?"

"बरं, उजवी घे."

"आता डावीच घेतो."

अडचण एकच निघाली. धोंडूकाकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "मिलिमीटर म्हणजे मुंग्या वाटतात मला," ते म्हणाले. "चालताना दिसतात पट्टीवर. सुतात सांगा." सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक म्हणजे सूत. धोंडूकाकांकडे त्यांच्या उस्तादांची घडीची लाकडी फूटपट्टी होती, पितळी बिजागऱ्यांची, तिच्यावर सुताच्या रेघा चांगल्या ठसठशीत.

हे काम गंधालीकडे आलं, आणि तिने ते आनंदाने घेतलं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती ठाण्यातल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये लागली होती. लोक आपापली मापं, काटे, गेज घेऊन तिथे येत आणि ती बरोबर आहेत की नाहीत ते गंधाली सांगे. दुसऱ्याच्या पट्टीतली चूक काढण्याचा पगार मिळणारी मुलगी, आपल्या वडिलांची होडी म्हटल्यावर किती खुलली असेल! ड्रॉइंगमध्ये दर फुटाला होडी किती रुंद आणि किती खोल ते मिलिमीटरमध्ये दिलं होतं. लांबी मात्र फुटांत, कारण प्लायच्या शीट आठ फुटी, दोन टोकाला टोक जोडल्या की सोळा. बाकीचे सगळे आकडे सुतात करायचे होते.

सूत म्हणजे नेमकं किती, हे तिने मुलुंडच्या प्लायवाल्याकडे पक्कं केलं.

"सहा एमएमचं प्लाय म्हणजे किती सूत?"

"दोन."

"बारा एमएम?"

"चार. तुम्हाला देऊ काय?"

दोन वेगवेगळ्या नोंदी, उत्तर एकच. गंधालीने घरी येऊन तक्त्याच्या डोक्यावर लिहिलं : १ सूत = ३ मिमी. मग कॉम्प्युटरवर रकाना भरला, छापला, आणि नंदकिशोरनी त्याला कारखान्यात असे तशी खालच्या कोपऱ्यात चौकट आखली. 'तपासले' या शब्दापुढे गंधालीने सही केली, 'मंजूर'पुढे नंदकिशोरनी. 'तपासले' पुढे सही पडली की कागदाला कोणी काही विचारायचं नाही, हा ड्रॉइंग ऑफिसचा धर्म नंदकिशोरनी पाळला. आणि कागदात आहे तसंच कापायचं, हा पॅटर्न शॉपचा धर्म धोंडूकाकांनी. तक्ता भांडुपच्या भिंतीवर चिकटला.

पुढचे आठ महिने दोन्ही घरांत प्लाय कापलं गेलं, तांब्याच्या तारेने टाके घालून शिवलं गेलं, आणि शिवणीवर रेझिनच्या पट्ट्या बसल्या. शिवायचं म्हटल्यावर कुंदाने तार हातात घेतली. "टाके सारख्या अंतरावर घाला, गोणपाट शिवताय का?" असं नवऱ्याला ऐकवून तिने अख्खी एक बाजू स्वतः शिवली. पुढे शीडही तिनेच मशीनवर शिवलं. दर रविवारी दोन्हीपैकी एका घरी जेवण आणि होडीची पाहणी.

"नंद्या, तुझी जरा हडकुळी वाटते रे," धोंडूकाका मुलुंडच्या होडीवरून हात फिरवत म्हणत. "खायला घालत जा तिला."

"आणि तुझी? सात महिन्यांची वाटतेय."

"भरलेली आहे. अंगाने भरलेली!"

दोघंही हसत. गंधालीसुद्धा हसे. आठ महिने ही दोन माणसं दर रविवारी एकमेकांना अगदी खरं माप सांगत होती आणि तिघांनीही ते टोमणे म्हणून ऐकलं.

जानेवारीच्या एका रविवारी दोन टेम्पो, एक मुलुंडहून आणि एक भांडुपहून, मागे लाल फडकी लावून घोडबंदर, भाईंदर, उत्तन करत मनोरीला पोचले. कुंदाच्या मावसबहिणीचं, मानसीमावशीचं तिथे घर होतं, सुट्टीवाल्यांना भाड्याने द्यायचं. अंगण मोठं आणि खाडी दोन मिनिटांवर. अंगणात चार पाट ठेवून ते पाण्याच्या नळीने एका पातळीत आणले, त्यांवर डावी आणि उजवी होडी ठेवली, आणि पहिला वासा आडवा टाकला. धोंडूकाकांची बायको, वनमालाकाकू, दोर घेऊन उभ्या होत्या. कुंदा फोटो काढायला. नंदकिशोरनी वाशावर लेव्हल ठेवली.

बुडबुडा सरकत सरकत धोंडूकाकांच्या होडीच्या बाजूला गेला आणि तिथे टोकाला जाऊन बसला.

"लेव्हल फिरवून ठेव," नंदकिशोर म्हणाले.

फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा धोंडूकाकांकडेच.

"पाट बघ."

पाट ठीक होते. वासा उलटा केला, मागे टाकला. बुडबुड्याने मत बदललं नाही.

मग धोंडूकाकांनी घडीची पट्टी उघडली. "माझी खोली वीस इंच."

गंधालीने आपल्या टेपने बाबांची होडी मोजली. "चारशे ऐंशी मिलिमीटर. म्हणजे..." तिने फोनवर हिशेब केला. "अठरा इंच सात सूत."

"म्हणजे एक इंच आणि वर सूतभर," धोंडूकाका म्हणाले.

पहिलं तोंड नंदकिशोरनी उघडलं. तेच नको होतं.

"धोंडू, तू ती पट्टी नाही ना वापरलीस?"

"कुठली पट्टी?"

"ओतकामाची."

इतरांना ते कळलं नाही, पण गंधालीला कळलं, कारण ती पट्टी तिने लहानपणी पाहिली होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे एक वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा लांब असतो. चुकून त्या पट्टीने घरचं टेबल करणाऱ्या शिकाऊ पोरांना पॅटर्न शॉपमध्ये वर्षभर हसत. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे स्वयंपाक्याला मीठ आणि साखर ओळखता येते का असं विचारणं.

धोंडूकाकांनी पट्टी मिटली. एक एक बिजागरी, सावकाश.

"आणि तू काय केलंस ते मी सांगू?" ते म्हणाले. "मूळ ड्रॉइंग खराब होईल म्हणून झेरॉक्स काढलास. आणि त्या झेरॉक्सवर पट्टी लावून मापं घेतलीस. झेरॉक्स मशीनने बारीक केलं, तूही बारीक केलंस."

आता नंदकिशोरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घ्यायचं नाही, लिहिलेला आकडाच वाचायचा, हे ड्राफ्ट्समनच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. त्यांनी ते गंधालीला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

"मी? पट्टी लावून?"

"कागद दाखव मग."

"कागद घरी आहे. पण मला पाठ आहेत आकडे."

"पाठ आहेत म्हणे! माझा कागद पण घरी भिंतीवर आहे, मी बोललो काय पाठ आहे म्हणून?"

"चौतीस वर्षं तुझे पॅटर्न मी पास केले..."

"तू पास केलेस? माझ्या पॅटर्नमुळे तुझी ड्रॉइंग्ज पास व्हायची, नंदकिशोर!"

नंद्याचा नंदकिशोर झाला तेव्हा कुंदाने फोन खाली केला. धोंडूकाकांनी टेम्पोवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, की चार वाजता ये, मला माझी होडी परत न्यायची आहे.

"अर्धी होडी भांडुपला नेऊन काय लोणचं घालणार?" नंदकिशोर ओरडले.

"माझी पूर्ण आहे. अर्धी तुझी आहे."

एक फणसाच्या सावलीत जाऊन बसला, दुसरा विहिरीच्या कठड्यावर. मधे दोन होड्या.

गंधालीला रडू यायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. ते तिच्या हातात नव्हतं. तिने टेप घेतली आणि दोन्ही होड्या पुन्हा मोजल्या. रुंदी : एक तीनशे साठ, एक तीनशे एक्क्याऐंशी. भागाकार केला. एक पूर्णांक शून्य पाच आठ. खोलीचा भागाकार केला. तोच. आणखी तीन ठिकाणी केला. तोच, तोच, तोच. म्हणजे कोणाचा हात हलला नव्हता. हात हलला असता तर चूक कुठे कमी, कुठे जास्त आली असती. ही चूक फार नीटनेटकी होती.

मग लांबी मोजली. सोळा फूट. आणि सोळा फूट.

ती मट्कन खाली बसली. ओतकामाची पट्टी वापरली असती तर लांबीही वाढली असती. शिवाय बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आकसतं शंभराला एक, पोलाद फार तर दोन. पावणेसहा टक्के आकसणारं लोखंड कुठल्या भट्टीत नाही. आणि झेरॉक्सने बारीक केलं असतं तर लांबीही बारीक झाली असती. लांबी तेवढी वाचली होती. लांबी तेवढी फुटांत होती. म्हणजे जे जे तिच्या तक्त्यातून गेलं, ते ते वाढलं.

तिने फोनवर आपला तक्ता उघडला. रकान्यावर बोट ठेवल्यावर वर सूत्र दिसलं : भागिले ३. इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर, हे ती झोपेतही सांगू शकली असती. त्याला आठाने भागलं की तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश. प्लायवाला सोयीसाठी सहाला दोन सूत म्हणतो, कारण त्याला प्लाय विकायचं असतं. त्याच्या बोलण्यावर कॅलिब्रेशन लॅबच्या बाईने 'तपासले' म्हणून सही केली होती.

तीन वाजले होते.

सांगायचं, हे उघड होतं. पण या आठ महिन्यांत तिने दोघांना किती वेळा ऐकवलं होतं, "बाबा, अंदाजे नको." "काका, डोळ्याने नको, मोजून." लॅबमधल्या सौरभला तर ती महिनाभर चिडवत होती, त्याने दशांशचिन्ह चुकवलं म्हणून. आणि समोर दोन म्हातारे, चौतीस वर्षांचं काहीतरी मोडून, एक फणसाखाली, एक विहिरीवर.

तेवढ्यात कुंदा सरबताचे ग्लास घेऊन अंगणाच्या मधोमध आली आणि मोठ्याने म्हणाली, "मी म्हणते, लाकूडच आहे ना शेवटी? दमट हवेने फुगलं असेल. भांडुपला खाडी जवळ आहे. हो की नाही गं गंधाली?"

दोघांनीही माना वर केल्या. धोंडूकाकांनी विहिरीवरून, बाबांनी फणसाखालून. दोघंही तिच्याकडे बघत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसलं, की ते विश्वास ठेवायला तयार आहेत. एम.एस्सी. झालेली मुलगी 'हो, फुगलं' म्हणाली तर फुगलं. टेम्पो रिकामा परत जाईल. कोणी चुकलेलं नसेल. फक्त मान हलवायची होती.

"नाही," गंधाली म्हणाली. "प्लाय एवढं फुगत नाही. मुलुंडलाही तेवढीच खाडी आहे. चूक माझी आहे."

"तुझी कशी?" कुंदा म्हणाली. "तू कुठे काय कापलंस?"

"तक्ता मी केला. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर धरलं. ते तीन नाही, तीन आणि वर थोडं आहे. मी थोडं सोडलं. प्रत्येक आकड्यात सोडलं. म्हणून काकांची होडी मोठी झाली. काकांनी अगदी बरोबर कापलं आणि बाबांनीही अगदी बरोबर कापलं. तुम्ही दोघं सुताइतकंही चुकलेला नाहीत. मीच चुकले."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता ओरडा बसेल. बसला असता तर बरं झालं असतं.

धोंडूकाका उठले, आले, आणि होडीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. "सहाचं प्लाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दोन सुताच्या खाचेत खळखळतं. चाळीस वर्षं मी त्यात कागदाची घडी घालून बसवतोय. म्हणजे तीन नव्हे, हे या हाताला माहीत होतं. चूक माझी आहे रे, नंद्या."

"तुझी कसली?" नंदकिशोरही आले. "तक्त्याखाली 'मंजूर' म्हणून सही कोणाची आहे? माझी. एक ओळ तरी गुणून बघायला हवी होती. मी पोरीची सही बघितली आणि कौतुकाने खाली सही ठोकली. चूक माझी."

"तू कागदावर बघितलंस. मी लाकडात बघत होतो. माझी मोठी."

"मंजूर करणाऱ्याची सगळ्यात मोठी असते."

"कारखान्यात तू साहेब होतास म्हणून इथे पण मोठा काय?"

"धोंड्या, मी आधी बोललो!"

"मी आधी बोललो!"

गंधालीला ऐकवेना. "अरे, चूक माझी आहे!" ती किंचाळली. "मी केली, मी शोधली, मी सांगितली! तुम्ही दोघं वाटून काय घेताय? द्या ना मला माझी चूक!"

धोंडूकाका हळूच म्हणाले, "घे बाई. ओरडतेस कशाला?"

"बापावर गेलीये," कुंदा म्हणाली.

वनमालाकाकू इतका वेळ दोर मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सरबत संपवलं, ग्लास खाली ठेवला, आणि नवऱ्याला विचारलं, "झाला काय तुमचा? आता माका सांगा, एक ल्हान नि एक मोठी झाली तर बिघडला काय?"

"अगो, दोन्ही सारखे होऊक व्हये ते."

"कोणी सांगल्यान? आमच्या गावाक उलांडी कशी असता? एका बाजूक होडी, दुसऱ्या बाजूक नुसतो ओंडको. माझो आजो जन्मभर तिच्यातून मासे मारून इलो. एकदा तरी बुडालो?" मग गंधालीकडे वळून, तिला समजेल असं, "ही तर दोन्हीकडे होडीच आहे गो. ओंडक्यापेक्षा बरी."

उलांडी. देवगडच्या माणसाला शब्द माहीत होता, ड्राफ्ट्समनला चित्र माहीत होतं, आणि दोघांनाही ते सुचलं नव्हतं.

"बारक्या होडीच्या काठावर पॅकिंग घालायचं," नंदकिशोर म्हणाले.

"एक इंच, वर सूतभर. सुताला थोडं कमी," धोंडूकाका म्हणाले. "सागवानाचा तुकडा आहे टेम्पोत."

"अठ्ठावीस मिलिमीटर," गंधाली म्हणाली.

"तू गप्प बस."

टेम्पोवाला चार वाजता आला तेव्हा तिघं जमिनीवर उकिडवे बसून सागाचा तुकडा रंधत होते. त्याने विचारलं, कुठली होडी न्यायची? कोणी वर बघितलं नाही. शेवटी कुंदाने त्याला सरबत दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी, भरती पुरी चढल्यावर, जोडहोडी मनोरीच्या खाडीत उतरली. चौघांनी ढकलली. वनमालाकाकूंनी नारळ सोडला. पॅकिंगवर वासे सपाट बसले होते, लेव्हलचा बुडबुडा मधोमध होता. बसण्याची व्यवस्था मात्र गंधालीने वहीत गणित करून आणली होती.

"जाडी होडी बारा टक्के जास्त वजन उचलते," ती म्हणाली. "म्हणून जड माणूस जाड्या होडीत. बाबा एक्क्याऐंशी किलो, काका छपन्न. बाबा, तू काकांच्या होडीत बस. काका, तुम्ही बाबांच्या."

"काय?" दोघं एकदम म्हणाले.

"आठ महिने खपलो मी माझ्यासाठी," धोंडूकाका म्हणाले, "आणि हा बसणार त्यात?"

"मला तरी कुठे हौस आहे?"

"नाहीतर बुडा," गंधाली म्हणाली. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या ओढता ओढता दोघं एकमेकांच्या होडीत जाऊन बसले. ती दोन होड्यांच्या मधे ताणलेल्या जाळीवर मागे बसली, सुकाणूची दांडी हातात घेऊन. कुंदाने शिवलेल्या शिडाने वारा धरला. आधी नुसतं फडफडलं, मग पोट सुटल्यासारखं फुगलं, आणि किनारा मागे जायला लागला. कुंदा किनाऱ्यावरून "टाके उसवतायत का बघा!" असं ओरडत होती.

"धोंड्या," थोड्या वेळाने नंदकिशोर म्हणाले, "पाय मस्त पसरतात रे तुझ्या होडीत."

"पसर, पसर. तुझी ही बघ कशी सुळकन चाललीये. म्हणून म्हणतो, हडकुळी बरी."

"मग मागे कोण ओढतंय?"

"तू. एक्क्याऐंशी किलो."

होडी खरंच ओढत होती. पाणी जाड्या बाजूला जास्त अडत होतं, म्हणून नाक हळूहळू डावीकडे, गोराईच्या बाजूला वळत होतं. गंधालीला ते दांडीतून हाताला कळत होतं, एक हलकासा, न थांबणारा रेटा. ती दांडी थोडी दाबून धरत होती. पुढे मासेवाल्यांचे खुंट पाण्यातून वर आलेले दिसत होते, दोन रांगांत, मधून जायला वाट.

"गंधा, किती भरकटतेय?" बाबांनी विचारलं. "मधून जाईल ना?"

"मी सांगू का?" धोंडूकाका म्हणाले. "उजवीकडे घे अजून."

"डावीकडून जाऊ दे, तिथे खोल आहे," बाबा म्हणाले.

"तुला काय ठाऊक, मुलुंडवाल्या?"

"दोघंही गप्प बसा!"

धोंडूकाका मागे वळले आणि म्हणाले, "बरं बाई. सुकाणू तुझ्या हातात. पण एक सांगून ठेवतो. आता खुंटावर घातलीस तर ती चूक अख्खी तुझी. आम्ही कोणी त्यात वाटा मागणार नाही."

"मागायचा नाही," नंदकिशोर म्हणाले. "मंजूर."

"चालेल," गंधाली म्हणाली आणि दांडीवर हात घट्ट केला. खुंटांच्या पहिल्या रांगेवर एक बगळा बसला होता. होडी अगदी जवळ आली तेव्हा तो उडाला, आणि दोन्ही होड्यांमधल्या दोन्ही म्हाताऱ्यांनी आपापले हात पटकन आत घेतले.